आबांच्या किल्ल्याचं यंदा काय करायचं?

ताई, नमस्कार.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन अडीच महिने झाले. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायचे. मागच्या वर्षी लकवा मारला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून सोप्यात खाट टाकली होती आणि त्यांचं सगळं मीच बघत होते. श्रावणात एका दुपारी पेज घेऊन झोपले, ते उठलेच नाहीत.

मुलगी सात वर्षांची आहे. घरात गर्दी होणार म्हणून तिला लगेच माझ्या बहिणीकडे उंब्रजला पाठवलं. बारावं झाल्यावर ती आली. 'आबा देवाघरी गेले, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही' असं आम्ही तिला सांगितलं. आता ती रात्री झोपत नाही. आजी दुपारी आडवी झाली की हलवून हलवून उठवते. आबा कधी येणार, त्यांना फोन का लागत नाही, हे चालूच असतं. ती आली त्या दिवशी आजीच्या कपाळाला कुंकू नाही, हातात बांगड्या नाहीत, हे बघून जवळच गेली नाही. मुलगा आठवीत आहे. राख सावडून आले त्या दिवशी संध्याकाळी हा बॅट घेऊन बाहेर पडला, तर चुलत सासऱ्यांनी सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून तो आबांचं नाव काढत नाही.

सासूबाई पहाटे अजून दोन कप चहा करतात, एक तसाच राहतो. यांचं आणखी वेगळं. दहाव्याला घाटावर कावळा शिवला नाही. हे मोठ्याने म्हणाले, 'आईला सांभाळीन, ताईचं माहेर तुटू देणार नाही.' तरी नाही. दुपार टळत आली, तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परतताना कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. ते यांच्या मनातून जातच नाही. बोलत नाहीत, अर्धं ताट टाकून उठतात.

आता दिवाळी आली. भावकी म्हणते, यंदा काही करायचं नाही. कंदील नाही, फराळ नाही. पण दर दिवाळीला आबा आणि मुलं अंगणात किल्ला करायचे. मागच्या वर्षी आबा खाटेवरून सांगत होते आणि मुलगी माती लावत होती. यंदा वसंतगड करायचा असं त्यांचं ठरलं होतं. ती रोज विचारते, किल्ला कधी? काय सांगू तिला?

एक गोष्ट कुणाला बोलले नाही. आबा गेले हे कळल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं. आता रात्री उठायचं नाही, असं मनात आलं. येणारे जाणारे यांना आणि सासूबाईंना धीर देतात. मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मी कुठल्या तोंडाने रडू?

— नाव छापू नका, कराड


नमस्कार.

मुलीपासून सुरुवात करते, कारण तिचं सगळ्यांत आधी बघायला हवं.

ती हट्ट करत नाहीये, ती राखण करते आहे. आबा दुपारी झोपले आणि गेले, एवढंच तिला मोठ्यांनी सांगितलं. त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष तिच्या वयाला अगदी बरोबर आहे: माणूस झोपला की जातो. म्हणून आजी डोळे मिटते तेव्हा ती घाबरते आणि स्वतःचे डोळे मिटायलाही घाबरते. 'देवाघरी गेले' याचाही तिने सरळ अर्थ लावला. ती स्वतः मावशीच्या घरी गेली आणि बाराव्यानंतर परत आली. मग आबा देवाच्या घरून का येत नाहीत? तिला आपण उंब्रजहून आणलं, तसं त्यांना आणायला कुणी का जात नाही? ती रोज हेच विचारते आहे.

मरण म्हणजे काय हे मुलांना कधी कळतं, यावर बराच अभ्यास झाला आहे. हंगेरीतल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यातली पाचाच्या आतली मुलं मरणाला गावाला जाणं किंवा झोपणं समजत होती. पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांत दिसलं की साधारण पाच ते सात या वयात बहुतेक मुलांना तीन गोष्टी उमगू लागतात. मेलेला माणूस परत येत नाही, त्याच्या शरीराचं सगळं काम थांबलेलं असतं, आणि हे प्रत्येकाला कधी ना कधी येतं. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. खरं ऐकण्याइतकी ती मोठी आहे, फक्त तिला कुणी खरं सांगितलेलं नाही.

तेव्हा सांगा. रात्री निजताना नको, दिवसाउजेडी, दोघी निवांत असाल तेव्हा. आणि शक्यतो तिच्या बाबांनीही जवळ बसावं. असं काहीतरी म्हणता येईल: "आबा वारले. वारले म्हणजे त्यांचं शरीर पूर्ण बंद झालं. हृदय थांबलं, श्वास थांबला, आता त्यांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही. त्यांना खूप मोठा आजार झाला होता. आठवतं ना, त्यांचा उजवा हात हलत नव्हता? त्या आजाराने हे झालं. तुला सर्दी-ताप येतो तो आजार निराळा. झोपल्यामुळे आबा वारले नाहीत. झोपेत आपलं हृदय चालूच असतं. आबा आता परत येणार नाहीत. आम्हालाही ते यायला हवे होते असं वाटतं." एवढंच. मग गप्प राहा आणि तिला विचारू द्या. ती कदाचित एकदम म्हणेल, 'मला भूक लागली.' द्या खायला. उद्या पुन्हा तोच प्रश्न येईल, तेव्हा उत्तरही तेच द्या. न चिडता.

त्यांना कुठे नेलं असं विचारलं तर तेही सांगा. शरीराला काही जाणवत नव्हतं, कृष्णाकाठी नेऊन अग्नी दिला, राख नदीत सोडली. देवाघराचं पुसून टाकायला नको. आजीची ती श्रद्धा आहे, ती आजीने तिला आपल्या शब्दांत सांगावी. फक्त शरीराचं काय झालं हे आधी कळू द्या, देवाचं त्यानंतर.

आणि एक प्रश्न तुम्ही तिला जरूर विचारा: तुझ्यामुळे काही झालं असं तुला वाटतं का? या वयाची मुलं हे मनात ठेवतात आणि बोलत नाहीत. त्या दुपारी ती मोठ्याने खेळली असेल, आबांनी पाणी मागितलं आणि हिने 'थांबा' म्हटलं असेल. असं काही निघालं तर तिथल्या तिथे सांगा की त्याचा आणि आबांच्या जाण्याचा काही संबंध नाही.

तिला उंब्रजला पाठवलं ते तिच्या भल्यासाठीच पाठवलं, आपल्याकडे बहुतेक घरं हेच करतात. मला मात्र ही पद्धत अजिबात पटत नाही. गेलेल्या माणसाच्या पायाला हात लावणं, मोठी माणसं रडतात आणि मग भातपिठल्याचं कडू जेवण एकत्र जेवतात हे बघणं, यातून मुलाला कळतं की काय घडलं आणि त्यातून घर कसं सावरतं. तिच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. ते थोडंफार भरून काढता येईल. एखाद्या संध्याकाळी बाप-लेकीने प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयना भेटतात तिथे, जावं. कुठे दहावं केलं, राख कुठे सोडली, ते बाबांनी दाखवावं. तिने पाण्यात फूल सोडावं. तिथे बाबांना रडू आलं तर येऊ द्या.

झोपेचं म्हणाल तर थोडे दिवस तिला आजीशेजारी निजू द्या. दुपारी ती आजीला उठवायला गेली की ओरडू नका. आजीच्या पोटावर हात ठेवून श्वास कसा वर-खाली होतो ते तिला बघू द्या, आणि मग शेजारी खेळायला बसवा. शाळेत तिच्या बाईंना सगळं सांगून ठेवा. वर्गात पेंगली तर तिला बोलणी बसायला नकोत.

आता मुलगा. तिसऱ्या दिवशी बॅट घेऊन बाहेर पडला, त्यात त्याचं काहीही चुकलं नाही. नेदरलँड्समधले दोन अभ्यासक, मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट, यांनी १९९९ मध्ये मांडलं की दुःखातलं माणूस सतत दुःखातच बुडालेलं नसतं. ते कधी गेलेल्या माणसाकडे वळतं, कधी रोजच्या कामांकडे, पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. ही ये-जा चालू असणं हेच सावरण्याचं लक्षण आहे. मोठ्यांमध्ये ती दिसून येत नाही, कारण आपण मधल्या वेळात कणीक मळतो, बँकेत जातो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. पोराकडे असतं खेळणं. तो खेळायला गेला आणि चारचौघांत अपमान झाला. त्यातून तो एवढंच शिकला की आबांचा विषय निघाला की आपण चुकतो.

हे त्याच्या बाबांनीच निस्तरायला हवं, तुम्ही नाही. मोठं भाषण नको. गाडीवर मागे बसवून कुठेतरी नेताना दोन वाक्यं पुरेत: "त्या दिवशी चुलत आजोबा बोलले ते बरोबर नव्हतं. तू खेळायला गेलास म्हणून तुझं आबांवरचं प्रेम कमी होत नाही." तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना समोरासमोर बसून असं काही ऐकवत नाही, गाडीवर ऐकवतं.

सासूबाईंच्या दोन कपांना कृपा करून हात लावू नका. 'आई, आता एकच करा' असंही कुणी म्हणू नये. इतक्या वर्षांची सवय हाताला आहे, ती अडीच महिन्यांत कशी जाईल? फक्त तो दुसरा कप थंड होऊ देऊ नका. पहाटे तुमच्या यजमानांनी उठून त्यांच्याजवळ बसावं आणि तो चहा प्यावा. बोलायला हवंच असं नाही. घरातली ही दोन माणसं सध्या सगळ्यांत गप्प आहेत आणि दोघांचं गेलेलं माणूस एकच आहे.

कुंकवाचं मात्र मला मनापासून लिहायचं आहे. तुमची लेक आजीजवळ गेली नाही, कारण तिला ती आजी ओळखू आली नाही. आधीच आबा नाहीत, त्यात आजीचा चेहरा बदललेला. हे कुणी, कशासाठी केलं, हे सात वर्षांच्या मुलीला समजावून सांगता येईल असं एकही कारण मला सापडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्यापासून फार लांबची गोष्ट नाही ही.

सासूबाईंवर जबरदस्ती करायची नाही. त्यांना नको असेल तर नको. पण त्यांना नको आहे, की लोक काय म्हणतील म्हणून हात मागे जातो आहे, हे त्यांना एकटीत विचारायला हवं, आणि ते तुम्हीच विचारू शकता. तुमची नणंदही असेल तर जास्त बरं. 'आई, तुम्हाला टिकली लावावीशी वाटते का? घरात तुम्हाला कुणी काही बोलणार नाही,' असं सरळ विचारा. आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नातवंडांना ओवाळायला त्या मागे सरल्या, तर त्यांच्या हातात ताम्हण द्या. आबा गेले म्हणून आजीने ओवाळलेलं नातवंडांना लाभायचं थांबत नाही.

त्यांच्या बाबतीत कागदपत्रांचंही मध्येच सांगून टाकते, कारण शोकात ते मागे पडतं आणि नंतर म्हाताऱ्या माणसाला खेटे घालावे लागतात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, ती तुम्ही केली असेलच. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवा, बँक, विमा, जमीन सगळीकडे लागतात. आबांना पेन्शन होती तर आता सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. मृत्यूचा दाखला, त्यांचं आधार आणि पॅन, पासबुक आणि पेन्शनचा आदेश घेऊन कोषागारात अर्ज करायचा. आबा गेल्यानंतरही त्यांच्या खात्यावर पेन्शन जमा झाली असेल तर ती काढू नका. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच देय असते, पुढची रक्कम परत घेतात. आणि नवी पेन्शन सासूबाईंच्या स्वतःच्या खात्यावर येऊ द्या, पासबुक त्यांच्याच कपाटात राहू द्या. ज्या बाईला आपल्या पैशांतून नातीला रंगपेटी घेता येते, तिचा घरातला आवाज टिकतो.

यजमानांचा कावळा.

त्यांच्या मनाला काय लागलं असेल हे मी समजू शकते. दहाव्याला घाटावर उभं राहून, हात जोडून, लोकांसमोर मुलगा बापाला विचारतो की तुमचं काय राहिलं? आणि उत्तर येत नाही. त्यात कुणी 'जीव अडकलाय' म्हणून गेलं, म्हणजे आपल्याकडून काहीतरी कमी पडलं हाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला. ज्याने कुणी ते म्हटलं, त्याने हे वाक्य गिळायला हवं होतं.

घाटावर काय होतं ते जरा शांतपणे बघू. एकाच सकाळी अनेक घरांचे पिंड मांडलेले असतात, कावळ्यांची पोटं भरलेली असतात. भोवती माणसांचं कडं असतं, आणि कावळा फार सावध पक्षी आहे, तो गर्दीत उतरत नाही. कावळा यायला उशीर लागतो, कधी येतच नाही, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होतं. म्हणून तर दर्भाच्या कावळ्याची सोय त्यांनी विधीतच करून ठेवली. तो लावला म्हणजे दहावं पुरं झालं. गुरुजींना विचारा, तेही हेच सांगतील. तुमच्या यजमानांनी ते त्यांच्या तोंडून ऐकावं असं मला वाटतं. आपल्या शहाणपणापेक्षा त्या माणसाच्या शब्दाचा त्यांना जास्त आधार वाटेल.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी तिथे मोठ्याने जे म्हटलं ते. आईला सांभाळीन. ताईचं माहेर तुटू देणार नाही. हे शब्द आबांसमोर देऊन झाले आहेत, कावळा आला नाही म्हणून ते वाया गेले नाहीत. आता ते पाळायचे. आईजवळ पहाटे बसणं हे एक झालं. दुसरं, बहिणीला आजच फोन करून सांगायचं की भाऊबीजेला यायचं आहे. 'यंदा काही नाही, येऊ नकोस' असं तिला कुणीही कळवू नये. बाप गेल्यावर आपलं माहेर उरलं का, हा प्रश्न तिच्या मनात पहिल्या दिवाळीलाच येणार. भावाला करायला काम मिळालं की त्याची जीभ थोडी सैल होईल असा माझा अंदाज आहे. नाही झाली तर पुढे लिहिते ते बघा.

आता किल्ला. करा. अगदी नक्की करा.

सुतक दहा दिवसांचं, ते फिटलं. वर्षभर सण करायचा नाही हा घराघरातला रिवाज आहे आणि तोही सगळीकडे सारखा नाही. कुठे वर्षश्राद्धापर्यंत थांबतात, कुठे पहिल्या दिवाळीला जवळचे नातेवाईक फराळ घेऊन येतात, बसतात, आणि तिथून सण सुरू होतात. कंदील, फटाके, नवे कपडे नकोत असं सासूबाईंना वाटत असेल तर नकोत. त्याबाबत भावकीचं नव्हे, त्यांचं ऐका. त्यांचा जोडीदार गेला आहे, शेवटचा शब्द त्यांचा. फराळ तुमच्याकडे तळला नाही तरी तुमच्या बहिणीकडून येईल. पण किल्ला हा काही देवाधर्माचा विधी नाही. पोरांनी अंगणात माती कालवायची, त्याला कुणाची आडकाठी असायचं कारण नाही. तरी कुणी बोललंच तर सासूबाईंनी म्हणावं, 'यांनीच ठरवलेला किल्ला आहे.' त्यापुढे कोण काय बोलणार?

वसंतगड ठरला आहे ना, मग वसंतगडच. तळबीडहून वर चढता येतं, कराडपासून जवळ आहे. दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी बाप-लेक दोघांनी सकाळी लवकर जावं आणि मुलाने बघून यावं: चंद्रसेनाचं देऊळ कुठे आहे, कृष्णा तळं कुठे, कोयना तळं कुठे, बुरूज कसे आहेत. कागदावर काढून आणावं. आबा इतिहासाचे मास्तर होते. पायथ्याचं तळबीड हे हंबीरराव मोहित्यांचं गाव, हे त्यांनी नातवाला कधीतरी सांगितलं असणारच. चढताना त्याला आठवलं तर तो बोलेल. त्याच्यावर नाव काढायची सक्ती नको, वाट मोकळी ठेवा म्हणजे झालं.

खाटेवरून सांगायचं काम यंदा आजीकडे द्या. 'मला काय कळतं त्यातलं' असं त्या म्हणतील, पण दरवर्षी माती कुठून आणायचे, पोतं कसं भिजवायचे, गेरू कधी लावायचा, हे त्यांनी सोप्यातून बघितलेलं आहे. माती लावायचं काम लेकीचं, ते तिच्याकडेच राहू द्या. अळीव चार-पाच दिवस आधी पेरा म्हणजे वसुबारसेपर्यंत हिरवं दिसेल. मावळ्यांचा डबा आबांनी जिथे ठेवला असेल तिथून पोरांनीच शोधून काढावा. बुरूज वाकडा झाला तर तुम्ही सरळ करू नका. मधेच लेक म्हणेल, 'आबा असते तर असं म्हणाले असते.' तेव्हा विषय बदलू नका, विचारा काय म्हणाले असते. रडली तर माती लागलेल्या हातांनीच जवळ घ्या.

माझ्या मते तुमच्या घराला सध्या सगळ्यांत जास्त गरज आहे ती आबांचं नाव सहज निघण्याची. आज घरातली चार माणसं एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प आहेत. लेक तेवढी बोलते आहे, आणि तिलाच सगळे गप्प करतात. जेवताना म्हणा, आबांना ही भाजी आवडायची. किंवा आबांना ही भाजी बिलकुल आवडायची नाही आणि ते तसं तोंडावर सांगायचे. हसू आलं तर हसा.

आणि आता तुमचं. तुम्ही ते पत्राच्या शेवटी लिहिलंत, म्हणून मीही शेवटी आले.

अर्धांगवायूच्या माणसाचं करणं म्हणजे काय हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच कळतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठून कूस बदलायची, अंग पुसायचं, घास ठसक्यात अडकू नये म्हणून पेज चमच्याचमच्याने द्यायची, लाजेने त्यांनी तोंड फिरवलेलं असताना कपडे बदलायचे. हे सगळं करून पुन्हा सात वाजता डबे. एका वर्षाहून जास्त काळ तुम्ही सलग झोपलेल्या नाहीत. त्या दुपारी तुम्हाला हायसं वाटलं ते थकलेल्या शरीराला वाटलं. त्यात आबांचे हाल संपल्याचं समाधानही होतंच, तुम्ही ते मोजलं नाहीत इतकंच. दीर्घ आजाऱ्याची सेवा करणाऱ्या कितीतरी माणसांना हे वाटतं. फार थोडी ते बोलून दाखवतात. त्यांचं वाईट व्हावं असं तुम्हाला कधी वाटलं असतं, तर ते वर्षभर तुमच्या हातून जेवले नसते.

आणि मला वाटतं, आबांशी तुमचं नातं त्या वर्षात लेकीपेक्षा जवळचं झालं होतं. मुलाने बाप गमावला, सासूबाईंनी नवरा, पण आबांच्या दिवसाचे सगळे तास ज्या माणसाबरोबर गेले ते माणूस तुम्ही. दुपारी चारला औषधाची वेळ झाली म्हणून तुम्ही आजही उठत असाल आणि मग आठवत असेल की आता कुणाला द्यायचं. सुनेला सासऱ्यासाठी रडायला आपल्याकडे जागा ठेवलेली नाही, पाहुण्यांना चहा करायला तेवढी ठेवली आहे. तुम्ही रडा. उजळ तोंडाने रडा. आणि यजमानांना सांगा की मलाही आबांची आठवण येते. त्यांना ते सुचलं नसेल. ऐकून त्यांनाही बरं वाटेल.

मदत कधी घ्यायची, तेही सांगते. मुलगी महिनाभराने, खरं कळल्यानंतरही, झोपत नसेल, शाळेला जायला नको म्हणत असेल किंवा 'मला आबांकडे जायचंय' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून पुढे समुपदेशकाकडे जा. यजमानांचं जेवण असंच राहिलं, वजन उतरलं, कामावर लक्ष लागेना, दारू वाढली, तर वाट बघू नका. सहा महिने उलटूनही दुःखाची धार पहिल्या दिवसाइतकीच असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर त्याला डॉक्टरही उपचाराची गरज मानतात. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार कुणाच्याही बोलण्यात आले तर त्याच दिवशी फोन करा. यजमान करणार नाहीत, तर पहिला फोन तुम्ही करा, स्वतःसाठी.

एक काम दिवाळीच्या आधी उरकून टाका. नणंदेला आत्ताच सांगा की भाऊबीजेला येशील तेव्हा चार दिवस राहा, आईला तुझी गरज आहे. आणि ते चार दिवस तुम्ही तुमच्या माहेरी जा. मागच्या वर्षी लकवा मारल्यापासून तुम्ही तिथे मुक्कामाला गेला नसाल, असं धरून चालते. यजमानांना आत्ताच तारीख सांगून ठेवा, आदल्या दिवशी नको. मुलांना यायचं असेल तर येऊ देत, किल्ल्यापाशी थांबायचं असेल तर थांबू देत, आत्या आहे. माहेरी आईला म्हणा, चार दिवस मला कुणी कामाला उठवायचं नाही.